नैवेद्य की आमिष?

मा. संपादक,

भुताचा सिनेमा आला की एक गट म्हणतो अंधश्रद्धा पसरते, दुसरा म्हणतो देवाधर्माची बदनामी होते. मला दोन्ही पटत नाही, कारण देवाबद्दल एवढा विचार मी कुठलं प्रवचन ऐकून केला नव्हता जेवढा 'तुंबाड' बघून केला.

२०१८ला आला तेव्हा राहून गेला, सप्टेंबर २०२४ला परत थेटरात लागला तेव्हा मुलाबरोबर बघितला. आपल्याच कोकणातली गोष्ट, तो पाऊस, तो वाडा. त्यातला हस्तर हा देवीचाच मुलगा, सोनं त्याच्याकडे भरपूर पण धान्य मिळत नाही म्हणून कायम भुकेला. सिनेमाचा नायक विनायक सोन्यासाठी हस्तर असतो तिथे खाली उतरतो, पिठाची बाहुली पुढे टाकतो आणि तो खायला धावला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडतो. ती बाहुली बघून माझ्या अंगावर काटा आला तो भुतामुळे नाही. म्हटलं हा नैवेद्य नाही, हे आमिष आहे. आणि मग आपण नवस बोलतो, 'अमुक होऊ दे मग तमुक देतो', ते नक्की काय असतं?

तसं आमच्याकडे भीती आणि देव वेगळे कुठे आहेत? शिरोड्याजवळ आरवलीचा वेतोबा, भुताखेतांचा राजा, त्याला लोक केळ्यांचे घड देतात, चामड्याच्या हातभर लांब चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. झिजलेल्या चपलेचा तळ बघितलाय मी, त्यापुढे उभं राहिलं की भीती वाटते आणि आधारही वाटतो, दोन्ही एकदम.

आमच्या बागेत देवचार आहे, म्हणजे जागेची राखण करणारं भूत. सिनेमा बघून घरी आल्यावर मुलाने माझ्या आईला विचारलं, आजी तू बागेतल्या देवचाराला भाकरी ठेवतेस तेव्हा काय मागतेस? आई म्हणाली, "मागूचा काय ता? आपण तेच्या जाग्यात रवतंव, तेका उपाशी ठेवूचा?" तिने सिनेमा बघितलेला नाही.

पुढच्या रविवारी आरवलीला गेलो. मुलाच्या नोकरीचं गाऱ्हाणं घालायचं म्हणूनच निघालो होतो, केळी ठेवली, हात जोडले आणि तोंडाशी आलेलं बोलवेना. नुसता नमस्कार करून बाहेर आलो.

एक वाचक,
वेंगुर्ला