मेझे मागव, मेन कोर्सच्या नादी लागू नकोस

प्रिय अविनाश,

तुझं पत्र मिळालं. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनीच बाहेर जेवायचं, आणि तेही लेबनीज, हे वाचून मंजूनं पहिला प्रश्न टाकला, "भावजींना सुचलं की वहिनींनी सुचवलं?" उत्तर कळव, पैज लागली आहे. आम्ही परवाच जाऊन आलो, त्यामुळे तिथे काय मागवायचं हे तू विचारलेलं सगळं अजून ताजं आहे.

मेन्यू कार्ड हातात आलं की पानं उलटत कबाबांकडे धावू नकोस. मेझेच्या पानावरच थांब. मेझे म्हणजे स्टार्टर, असं वेटर सांगेल. सांगू दे. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात झाहले नावाचं गाव आहे, तिथे बर्दौनी नदीकाठच्या हॉटेलांत लोक मेझेवर अख्खी दुपार काढतात. छोट्या बशा एकामागून एक येत राहतात, मधोमध ठेवायच्या आणि मिळून खायच्या. स्वतःचं वेगळं ताट नसलं की समोरच्याकडे बघावंच लागतं. मंजू एरवी जेवताना फोन सोडत नाही. त्या रात्री एका हातात पिटा आणि दुसरा तेलानं माखलेला, फोन धरणार कशानं?

हमस घ्याच. काबुली चणे, ताहिनी म्हणजे तीळ वाटून केलेली पेस्ट, लिंबू, लसूण, बस्स. एवढ्याशा गोष्टीचा त्या लोकांना अभिमान किती, तर 2010 च्या मे महिन्यात त्यांनी 10,452 किलो हमस करून इस्रायलचा गिनेस विक्रम मोडला. आकडा मुद्दाम निवडलेला, लेबनॉनचं क्षेत्रफळ तेवढेच चौरस किलोमीटर आहे!

मुतब्बल आणि बाबा गनूश दोन्ही कार्डावर दिसले तर मागवण्याआधी विचारून घे. मुतब्बल म्हणजे भाजलेलं वांगं आणि ताहिनी. लेबनॉनमध्ये बाबा गनूशात बहुधा ताहिनी नसते, चिरलेल्या भाज्या आणि डाळिंबाचा आटवलेला रस असतो. बाहेर मात्र पुष्कळ ठिकाणी दोन्ही नावांनी एकच वाटी येते.

तब्बूलेवरून स्वयंपाकघर ओळखावं असं माझं मत. आम्हाला आलं ते हिरवंगार होतं, बारीक चिरलेली पार्सली आणि पुदिना, त्यात दलिया कुठे कुठे दिसेल इतकाच. सोबत लेट्यूसची पानं होती, त्यांतच भरून खायचं. दलियाचा ढीग आणि वर हिरवं नावापुरतं असलं, तर त्या ठिकाणी पुन्हा जाऊ नये.

किब्बे पाच आले. दोघांत पाच! दोन-दोन झाल्यावर बशी बराच वेळ तशीच पडून राहिली, दोघंही दुसरीकडे बघण्याचं नाटक करत होतो. शेवटी मंजूनंच तो मधोमध तोडला. वरचं कवच कुरकुरीत, आत वाफाळता खिमा आणि चिलगोजे. चिलगोजे मात्र तिच्याच अर्ध्यात निघाले. वहिनी मांसाहार करत नाहीत, त्यामुळे तुझ्यावर ही वेळ येणार नाही. त्यांच्यासाठी फलाफलचे वडे, चक्क्यासारखं घट्ट लबने आणि सुमाकची आंबट भुकटी घातलेलं फत्तूश सॅलड सांग. एक शाकाहारी आणि एक मांसाहारी अशा जोडप्याला याहून सोयीचं जेवण मला तरी माहीत नाही.

तूम म्हणजे लसूण, तेल आणि लिंबू घोटून केलेली पांढरीशुभ्र चटणी. खायची तर दोघांनी खा, नाहीतर कुणीच खाऊ नका.

तू घेतोसच, तेव्हा अरक ही तिकडची दारू मिळाली तर बघ. एक भाग अरक, दोन भाग पाणी. पाणी पडताच ती दुधासारखी होते, कारण बडीशेपेच्या जातीचं त्यातलं तेल मद्यात विरघळतं, पाण्यात नाही. बर्फ सगळ्यात शेवटी, आधी टाकलास तर वर तवंग धरतो.

शेवटी मी वेलदोड्याची कॉफी घेतली. मंजूनं 'व्हाइट कॉफी' मागवली, तर कपात कॉफीचा थेंब नाही, नुसतं गरम पाणी आणि संत्र्याच्या फुलांचा अर्क! तिनं वेटरकडे बघितलं, मग वास घेतला आणि तक्रार न करता संपवली. माझी कॉफीही अर्धी प्यायली, ते वेगळं.

टेबल आधी राखून ठेव, आणि त्या दिवशी बेली डान्स आहे का हे फोनवरच विचार. असेल तर दिवस बदल, त्या आवाजात आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर