रेल्वेमंत्री साहेब, आमचं गेट दोन आकडी नंबरावर चाललंय

मा. अश्विनी वैष्णव साहेब, नमस्कार.

मी ऊसपट्ट्यातला शेतकरी, गावाचं आणि रेल्वे गेटचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण नाव लिहिलं की पहिली नोटीस आमच्या गेटमनलाच जाईल आणि त्या माणसाची काही चूक नाहीये, उलट त्याच्यामुळंच मी आज हे पत्र लिहायला बसलोय.

जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळी कारखान्याकडं चाललेला डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर नेमका रुळावर आला आणि मागच्या ट्रॉलीची पिन तुटली, ट्रॅक्टर पलीकडं, ट्रॉली रुळावर, वर ऊस रचलेला. मी मागं मोटरसायकलवर होतो, माझ्या मागं शाळेची गाडी. आम्ही मोळ्या खाली फेकायला लागलो तेवढ्यात गेटच्या खोलीतला फोन वाजायला लागला. स्टेशनवरून गेट बंद झाल्याचा नंबर मागत होते. गेटमन म्हणाला, "साहेब ट्रॉली अडकलीय, नंबर देणार नाही." फोन ठेवला की परत वाजायचा. हे वीसेक मिनिटं चाललं, इकडं लोक हॉर्न वाजवतायत, कोणी शिव्या देतंय, आणि तो एका हातात लाल बत्ती एका हातात रिसीव्हर धरून एकच वाक्य बोलतोय. ट्रॉली बाजूला झाली, गेट पाडलं, मग त्यानं नंबर दिला आणि थोड्या वेळानं गाडी धडधडत निघून गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या गेटला इंटरलॉकिंग नाही. इंटरलॉकिंग असलं की गेट बंद होऊन लॉक झाल्याशिवाय सिग्नल पडतच नाही. आमच्याकडं सिग्नलचा आणि गेटचा काही संबंध नाही, स्टेशनमास्तर फोन करतो, गेटमन गेट बंद करतो आणि एक दोन आकडी प्रायव्हेट नंबर सांगतो, त्या नंबरावर गाडी सुटते. बारा तासांच्या ड्युटीत एखाद्या दिवशी डोळा लागला, किंवा "होतंय बंद" म्हणून नंबर आधी दिला, तर मधे अडवायला दुसरं काहीच नाही.

जुलै 2025 मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमला शाळेच्या व्हॅनला रेल्वेनं उडवलं, 3 मुलं गेली. तिथं गेट होतं, गेटमन होता, इंटरलॉकिंग नव्हतं. तिथं भुयारी मार्गही मंजूर होता, जिल्हा प्रशासनाची परवानगी वर्षभर आली नाही असं रेल्वेनंच सांगितलं. त्यानंतर तुम्ही लगेच आदेश काढले, गेटवर सीसीटीव्ही लावायचे, फोनचं रेकॉर्डिंग तपासायचं, आणि किती वाहतुकीच्या गेटला इंटरलॉकिंग द्यायचं ती मर्यादा 20,000 टीव्हीयू (गेटवरच्या वाहतुकीचं माप) वरून 10,000 वर आणली. हे चांगलं केलंत, मनापासून सांगतो.

पण साहेब हा टीव्हीयूच आमच्या गेटला लागू पडत नाही. दिवसाच्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, असा तो हिशोब. मोजणी तीन वर्षांतून एकदा, सात दिवसांची. ती मोजणी जून जुलैत झाली तर आमचं गेट एकदम शांत दिसणार, आणि नोव्हेंबर ते मार्च गाळप चालू असताना याच गेटवर ट्रॉल्यांची रांग वेशीपर्यंत जाते. चालत शाळेत जाणारी पोरं तर त्या हिशोबात धरतच नाहीत. शिवाय आकडा वाहनं मोजतो, वेळ मोजत नाही, एक कार रूळ ओलांडायला पाच सेकंद घेते आणि उसाची डबल ट्रॉली किती घेते ते कधी उभं राहून बघा, चढ असला तर जीव वर येतो.

बिनफाटकाची गेटं ब्रॉडगेजवर 2019 च्या जानेवारीपर्यंत संपवली हे मोठं काम झालं, नाकारत नाही. 2005 ला नागपूरजवळ लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॉली अशाच बिनफाटकाच्या गेटवर सापडली आणि पन्नासच्या वर माणसं गेली, ते आमच्याकडं अजून कोणी विसरलेलं नाही. पण 2012 मध्ये रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या काकोडकर समितीनं सगळीच गेटं पाच वर्षांत काढा म्हणून सांगितलं होतं, 50,000 कोटी खर्च धरला होता, त्याला आता किती वर्षं झाली तुम्हीच बघा. पूल होईल तेव्हा होईल, जमीन, राज्याचा वाटा, कलेक्टरची सही, त्याला वेळ लागतो हे आम्हाला कळतं (आणि भुयारी मार्ग दिलाच तर पावसात पाणी साठणार नाही असा द्या, नाहीतर लोक परत रुळावरूनच जातात). इंटरलॉकिंगला जमीन लागत नाही हो.

म्हणून मागणी एवढीच आहे. ऊसपट्ट्यातल्या गेटांची मोजणी गाळपात करा. ज्या गेटवरून शाळेची गाडी जाते तिथं टीव्हीयू न बघता इंटरलॉकिंग द्या. आणि तोपर्यंत अशा गेटवर आठ तासांची ड्युटी करा, तीन माणसं ठेवा. सीसीटीव्ही लावा, जरूर लावा, पण त्या दिवशी कॅमेरा असता तरी त्यानं फोनवर नाही म्हटलं नसतं.

आमचा गेटमन पुढच्या वर्षी रिटायर होतोय. नवीन कोण येईल माहीत नाही, नोव्हेंबरात ट्रॉल्या मात्र येणार आहेत.

आपला,
गेटच्या पलीकडं शेत असलेला एक शेतकरी