सिपादानचा परवाना न काढताच सहल विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सिपादानचा ठरलेला दिवस न मिळाल्याबद्दल व परताव्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत मी गेल्या महिन्यात मलेशियातील साबा राज्यात सहा दिवसांच्या डायव्हिंग सहलीला गेले होते. कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या दिवसापुढे ठळक अक्षरांत छापले आहे : ‘सिपादान, तीन डाइव्ह’. त्या एका ओळीसाठी मी ही सहल घेतली आणि नेमकी तीच ओळ मला मिळाली नाही.

सिपादान बेटाजवळ परवान्याशिवाय डाइव्ह करता येत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. रोज ठरावीक डायव्हरनाच सोडतात आणि परवाना ज्याच्या-त्याच्या नावाने निघतो. २००४ च्या अखेरीस तिथली रिसॉर्ट हटवल्यापासून पर्यटकांना बेटावर मुक्कामही करता येत नाही. म्हणूनच पैसे भरण्याआधी मी आपल्या कर्मचाऱ्यांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा ‘परमिट कन्फर्म आहे, मॅडम’ असे उत्तर आले. तो व्हॉट्सअॅप संवाद सोबत जोडला आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जवळच्या माबुल बेटावरच्या रिसॉर्टमध्ये दुसऱ्या दिवशीच्या बोटींची यादी फळ्यावर लागली. सिपादानच्या रकान्यात माझे नाव नव्हते. काउंटरवरच्या बाईंनी संगणक माझ्याकडे वळवून दाखवला : माझ्या पासपोर्टची प्रत आपल्याकडून त्यांना आदल्या दिवशी पोहोचली होती, आणि त्या तारखेचे परवाने केव्हाच संपले होते. म्हणजे आपण ‘कन्फर्म’ म्हणालात तेव्हा अर्जही गेलेला नव्हता. त्या बाई बिचाऱ्या माझीच माफी मागत होत्या.

आपल्या कार्यालयात फोन केला तर उत्तर मिळाले, ‘माबुल जवळच आहे ना, समुद्र तोच.’ समुद्र तोच आहे, पण सिपादान समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर वर आलेले बेट आहे. किनाऱ्यापासून थोडे पुढे गेले की पायाखालचा तळच सुटतो आणि भिंत सरळ खाली जाते. तिथे लोक बॅराकुडा माशांचे थवे, कासवे आणि शार्क बघायला जातात. माबुलला उथळ, वाळूचा उतार आहे आणि डोळे बारीक करून शोधावे लागणारे इवलेसे जीव.

माबुलला मी नावे ठेवत नाही. तिथे दोरखंडाला चिकटलेला एक फ्रॉगफिश मला पाच मिनिटे स्पंजच वाटत होता. मग त्याने जांभई दिली. गाइडने धातूच्या काडीने त्याला डिवचायला सुरुवात केली तेव्हा मी हाताने नको म्हणून खुणावले, तर त्याला वाटले मला फोटो नीट मिळत नाही, म्हणून त्याने आणखी डिवचले. अशा गाइडबरोबर काम करताना आपण काही अटी घालता की नाही, हे लेखी कळवावे.

दुसरी बाब परतीच्या विमानाची. शेवटच्या दिवशीच्या दोन डाइव्ह दुपारी साडेतीनला संपणार होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तवाउहून विमान. मध्ये सोळा तास. अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर किमान अठरा तास विमानात बसू नये, हे डायव्हिंगच्या पहिल्याच कोर्समध्ये शिकवतात. शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ शकतो. मूळ तिकीट दुपारचे होते. ते आपण मला न विचारता बदललेत. शेवटी त्या दोन डाइव्ह मीच सोडल्या आणि दुपारभर धक्क्यावर पाय सोडून बसले.

माझी मागणी अशी : सिपादानच्या दिवसाची पूर्ण रक्कम, त्यापोटी वेगळे घेतलेले परवाना शुल्क आणि सोडाव्या लागलेल्या दोन डाइव्हचे पैसे मूळ खात्यात परत करावेत. पुढच्या सहलीवर सवलतीचे जे कूपन आपण पाठवले आहे, ते मला नको. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

कार्यक्रमपत्रिका, पावती, दोन्ही विमान तिकिटे आणि माझ्या डाइव्ह लॉगची शेवटची दोन पाने सोबत जोडली आहेत. चौथ्या दिवसाच्या रकान्यात मी ‘हाउस रीफ’, म्हणजे रिसॉर्टसमोरचेच प्रवाळ, असे लिहिले आहे.

आपली,
(सही)