एसीतला गॅस ‘संपतो’ कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की आमच्या नेरूळच्या सोसायटीत खांद्यावर सिलिंडर घेतलेली पोरं जिने चढायला लागतात. घरोघरी एकच निदान : ‘काका, गॅस संपलाय, भरावा लागेल.’ यंदा आमच्या दारातही तेच झालं. मी तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये ३१ वर्षं कॉम्प्रेसर सांभाळले, त्यामुळे राहवलं नाही. त्या पोराला म्हटलं, अरे, गॅस म्हणजे काय डब्यातली साखर आहे का संपायला? एसीची नळी चहूबाजूंनी बंद. आतला गॅस खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो आणि परत येतो. तोच तो गॅस वर्षानुवर्षं पुरायला हवा. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. पोरगं हसून म्हणालं, ‘काका, सगळ्यांचाच गळतो.’

त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहितो आहे.

आमच्या मोठ्या प्लांटला अमोनिया असे. जरा कुठे व्हॉल्व्ह गळला की डोळे चुरचुरायचे, नाक सांगायचं, आणि पाना घेऊन धावावंच लागायचं. घरच्या एसीतल्या गॅसला ना वास, ना रंग. तो गेला तरी कुणाला पत्ता नाही, म्हणून कुणाला खंतही नाही. मी काही सोवळा नाही. ऐन उमेदीत छोट्या फ्रीझरमधला आर-१२ मी स्वतः कितीदा तरी बिनदिक्कत हवेत सोडला आहे. तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त तापवणारा निघाला, हे पुढे प्रशिक्षणात कळलं तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला, तर एक गृहस्थ म्हणाले, ‘ही ग्लोबल वॉर्मिंगची नवी फॅडं.’ नवी कसली? हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी किती तापेल, याचा हिशेब स्वीडनच्या स्वान्ते अर्‍हेनियस यांनी १८९६ सालीच मांडला होता. तत्त्व गोधडीचं आहे. गोधडी स्वतः गरम नसते, आपल्याच अंगची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वीवर ही गोधडी मुळीच नसती, तर सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असतं, म्हणजे ती हवीच. पण कारखान्यांचं युग सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आता ४२० च्या पुढे गेलेत. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण गोधडीवर गोधडी चढवतो आहोत. २०२४ साली पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०–१९०० च्या मानाने सुमारे दीड अंश जास्त भरलं.

दुसर्‍या एका ताईंनी विचारलं, ‘आमच्या एसीवर ओझोन फ्रेंडली लिहिलंय, मग काय बिघडलं?’ ही गल्लत फार जणांची होते. ओझोनचा थर विरणं आणि पृथ्वी तापणं ही दोन वेगळी खाती आहेत. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर ओझोनला खाणारे गॅस हळूहळू बंद होत गेले, आणि त्यांच्या जागी आलेले आर-४१०ए, आर-३२ यांच्यासारखे गॅस ओझोनला हात लावत नाहीत. तापवण्यात मात्र ते मागे नाहीत. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर एक किलो आर-४१०ए म्हणजे जवळपास दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइड. आर-३२ बराच बरा, तरी त्याचाही किलोमागे ६७५ किलोचा हिशेब लागतो. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर गॅस असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे आर-४१०ए चा एक एसी पुरता गळला, तर ९०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं. तेवढ्या पेट्रोलवर स्कूटर पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालून येईल. आणि आमच्याकडे एका घरात सलग तीन उन्हाळे गॅस भरला आहे.

एसी लावूच नका, असं मी म्हणणार नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण गेले, तेव्हा पारा काही विदर्भासारखा चढलेला नव्हता. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर एसी आता चैन राहिलेला नाही. त्याच खाडीची खारी हवा आपल्या एसीची कॉइलही खाते, हा इथला खास भोग. म्हणून गळती इथे जास्त आणि ती शोधणंही इथेच जास्त गरजेचं.

‘गॅस संपलाय’ ऐकलं की आधी लीक दाखव म्हणावं. नळीत नायट्रोजन भरून सांध्यांना साबणाचा फेस लावला की बुडबुडा खोटं बोलत नाही. आमच्याकडे तो आउटडोअरच्या फ्लेअर नटवर, म्हणजे नळी जोडणार्‍या पितळी नटवर निघाला, दहा मिनिटांचं काम. नळी व्हॅक्युम पंपाने रिकामी केली का आणि गॅस वजनावर मोजून भरला का, तेही उभं राहून पाहावं. घर बदलताना गॅस आउटडोअरमध्ये गोळा करायला सांगावं, त्याला ‘पंप डाऊन’ म्हणतात. यात त्या पोरांना दोष देऊ नये. दिवसाला आठ-दहा कॉल उरकायचे आणि हातात व्हॅक्युम पंपही नाही, तर त्यांनी करावं काय? सोसायटीने वार्षिक देखभालीच्या करारातच लीक तपासणीची अट घातली, तर त्यांचंही भलं होईल.

असल्या गॅसेसचा वाटा एकूण तापवणार्‍या वायूंत दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच आहे, हे खरं. गळती थांबवणं हा कोळसा कमी जाळण्याला पर्याय नव्हे. आपल्याकडे एक युनिट वीज म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे एसी १८ वर ठेवून वर गोधडी ओढणार्‍यांनी तो २६ वर आणून पंखा लावला, तर बिल आणि धूर दोन्ही उतरतील. पण हे सगळे सांगतात. गळक्या नळीबद्दल कुणी बोलत नाही, आणि भारताने २०२१ मध्ये स्वीकारलेला किगालीचा करार नेमका याच गॅसेसबद्दल आहे. जगभर तो नीट पाळला गेला, तर शतकाअखेरची ०.३ ते ०.५ अंशांची वाढ टळेल, असा अंदाज आहे.

महापालिकेला एक विनंती. ई-कचर्‍यासारखीच एसीतला काढलेला गॅस जमा करण्याची सोय विभागवार असावी. गेल्या महिन्यात शेजार्‍यांचा जुना एसी भंगारवाला नळी कापून नेणार होता. मी त्याला थांबवलं, ओळखीच्या दुकानातून गॅस खेचायचं मशीन उसनं आणलं आणि आतला आर-२२ सिलिंडरमध्ये भरून घेतला. एक किलोच्या थोडा वर भरला. तो सिलिंडर सध्या माझ्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे सावलीत उभा आहे. नवी मुंबईत तो कुठे नेऊन द्यायचा, हे कुणा वाचकाला ठाऊक असल्यास या सदरातून कळवावे.

आपला,
एक निवृत्त रेफ्रिजरेशन ऑपरेटर, नेरूळ