बाटली ओट्यावर ठेवून थांबलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरता सरता किनाऱ्यालगत तांबूस तवंग आला, रात्री लाटा निळ्या चमकू लागल्या आणि ‘केमिकल सोडलंय’ अशी आवई उठली. लिलाव बसला. तुमच्याआधी आलेले साहेब गाडीतून उतरलेही नाहीत. कॅमेरेवाल्यांनी ‘विषारी समुद्र’ म्हणून टाकलं. मासळी आमची सडली, त्यांचं काय गेलं!

तुम्ही एक रिकामी बाटली मागितलीत. समुद्राच्याच पाण्याने तीनदा विसळलीत, कारण आत गोडं पाणी उरलं तर या तांबूस तवंगातल्या जिवंत पेशी फुगून फुटतात. वर चार बोटं जागा सोडून ती ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, “हलवू नका, बघत बसू.” आणि खरंच आमच्यात बसलात. गाळ तळाला गेला, तांबूस थर वर आला. मिसळलेला रंग असा वर येत नाही, तो पाणीभर तसाच राहतो. हा नॉक्टिलुका नावाचा एकपेशी जीव, साधारण अर्धा मिलिमीटरचा, भिजल्या साबुदाण्याच्या कणीसारखा. पेशीत अमोनियम साठवतो, म्हणून तरंगतो. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात याचंच हिरवं रूप असतं. तिथे त्याच्या पोटात हिरवं शैवाल राहतं.

अंधार पडल्यावर तीच बाटली तुम्ही एका म्हाताऱ्या मावशींच्या हाती दिलीत. धक्का बसला की पेशीतलं ल्युसिफेरिन नावाचं रसायन ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि क्षणभर निळं चमकतं. सारखं हलवलं तर चमक मंदावते, थोडी विश्रांती द्यावी लागते. मावशी घाबरायच्या थांबल्या, मग बाकीचेही.

उगाच धीरही दिला नाहीत. हा जीव स्वतः विष बनवत नाही, पण दाट थर मरून कुजला की ऑक्सिजन संपतो, अमोनिया पाण्यात उतरतो, मासे गुदमरतात. म्हणून मेलेली तरंगती मासळी उचलायची नाही आणि तवंग असेतो कोळंबीच्या तळ्यांत ते पाणी घ्यायचं नाही. सोबत दुसरी विषारी जात असू शकते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होईपर्यंत तिसऱ्या-कालवं ही शिंपल्यांतली मासळीही बंद. ती पाणी गाळून खातात.

शिकलेली माणसं इथे पुष्कळ येतात, ताई. ओट्यावर बसणारी तुम्हीच.

आपले,
खाडीकाठचे मच्छीमार