तीन हात नाक्यावर

प्रिय बंड्या,

पाच महिने तुला उत्तर नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. ऑपरेशन झालं, साखर ताब्यात आहे, झोप आरामखुर्चीत. कोपर बरगडीला चिकटवून टेबलावर लिहायची परवानगी आहे, म्हणून पत्र. फोन करत नाही, कारण ही शेजारच्याच खोलीत असते आणि तिला भिंतीपलीकडचं पुटपुटणंही ऐकू येतं.

खांद्यातला सुप्रास्पायनेटस नावाचा स्नायू हाडापासून सुटला होता. (या नावाची आपल्या संस्कृतच्या सरांनी सात विभक्तींत चाल लावली असती.) दुर्बिणीतून हाडात बारीक खुंट्या ठोकून दोऱ्याने तो परत बांधलाय. हाडाला तो नीट धरायला बाराएक आठवडे लागतात, तोवर सगळी भिस्त दोऱ्यावर. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं, मी दोनदा मान डोलावली.

फिजिओ आहे नौपाड्यात. पोरगी आपल्या पोरांपेक्षा लहान, पण हात हातात घेतला की हेडमास्तरीण. पहिल्या दिवशी म्हणाली, "काका, हात तुम्ही उचलायचा नाही. मी उचलणार. तुम्ही फक्त झोपलेल्या माणसाचा हात मला द्या." बंड्या, हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे. ती उचलायला लागली की मी नकळत मदत करतो, ती लगेच हात खाली ठेवते. मग कंपासपेटीतल्यासारखा एक मोठा कोनमापक लावते. पाच आठवड्यांत पंच्याण्णव अंश. घरी टेबलाला टेकून वाकायचं, दुखरा हात लोंबत सोडायचा आणि नुसतं अंग हलवून त्याला झोके द्यायचे. आमच्याकडे नातू आल्यापासून तोही माझ्यामागे वाकून झोके घेतो.

आता मुद्द्याचं. ही मला रिक्षाचे पैसे देते. मी टीएमटीच्या बसने येतो. तू हसणार, मला माहीत आहे. शाळेच्या बसचे पैसे वाचवून तलावपाळीवर गोळा खायची सवय साठीला टेकलो तरी गेली नाही! गुरुवारी उकडत होतं, शिवाय हाताची झोळी दिसली की बसमध्ये दर माणूस "काय हो, काय झालं?" विचारतो. म्हणून ती काढून पिशवीत घातली. झोळी नाही, म्हणून जागाही कोणी दिली नाही. तीन हात नाक्याच्या अलीकडे ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि माझा उजवा हात, जो तिच्याकडे पंच्याण्णवला कुरकुरतो, तो आपला आपण वर गेला आणि त्याने दांडा पकडला. आतून 'टक्' झालं. मोठं नाही, सुपारी फोडताना होतं तेवढं.

तीन हात नाक्यावर दीड हाताचा माणूस, हा विनोद मी तिथेच उभ्या उभ्या केला. कोणाला सांगणार?

तेव्हापासून कान खांद्यात आहेत. रात्री दुखतं, पण दुखत आधीही होतं. शुक्रवारी ती पोरगी म्हणाली, "आज फार घट्ट धरलाय काका," मी म्हटलं, झोप नाही. मागे एकदा शेजारच्या पेशंटला ती सांगत होती की असे आवाज येतात, प्रत्येक आवाज वाईट नसतो. त्या वाक्यावर मी चार दिवस काढलेत. पण त्या बाईंनी झोळी पिशवीत घातली नव्हती ना! सांगितलं तर डॉक्टर पुन्हा एमआरआय काढायला लावतील, आणि ही पहिला प्रश्न खांद्याचा विचारणार नाही, बसमध्ये काय करत होतास हा विचारेल.

आणि तू. सहावीत तूच माझ्या आईला गोळ्याचं सांगितलंस. "काळजीपोटी" म्हणे! मी महिनाभर बोललो नव्हतो. तरी हे तुलाच लिहितोय, यावरून माझी अवस्था ओळख. वहिनींनाही सांगू नकोस, त्यांचा आणि हिचा फोन रोज असतो.

तुझं नाशिकचं घर झालं का रंगवून? धाकटीच्या निकालाचं कळव. गुडघ्याचं तेल लावतोस ना? बस्स.

मंगळवारी पुढची खेप आहे. त्या पोरीला पहिल्यांदा सांगतो, हिला नंतर. जाईन रिक्षाने.

तुझा,
दिग्या

ता. क. वाचलेले चारशे साठ रुपये चहाच्या जुन्या डब्यात आहेत. डबा वरच्या फळीवर आहे. उजव्या हाताच्या.