बाबांची बायोप्सी

प्रिय आई-बाबा,

बाबा, काल फोनवर किडनीच्या बायोप्सीचं विचारलं तर "सुई टोचतात, तुकडा काढतात, झालं" म्हणालात आणि लगेच विचारलंत, सुई केवढी असते? भीती वाटून राहिली असेल तर सरळ सांगा ना. आम्हाला नाही तर डॉक्टरांना तरी. फाइलवर कोणी 'पेशंट भित्रा' असा शेरा मारत नाही.

मला विचाराल तर सुईपेक्षा वाईट हे, की सगळं पाठीमागे चालतं. पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवतात, सोनोग्राफीवर किडनी बघतात, कातडी बधिर करतात, आणि आपल्याला डॉक्टरांचा चेहराही दिसत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवा, "काही करायच्या आधी मला बोला." तुकडा घेताना टक्क आवाज येतो, स्प्रिंग सुटल्याचा. तो आधी एकदा हवेत वाजवून दाखवा म्हणायचं, नाहीतर दचकायला होतं. "श्वास धरा" म्हटलं की धरायचा. श्वासाबरोबर किडनी वरखाली सरकते. निघतो तो तुकडा शेवईएवढा.

नंतर कित्येक तास उताणं पडून राहायचं. तिथे तुमचा खरा जीव जाणार, पॉटपायी. लघवी पडल्यापडल्या करायची आणि वर नर्स तिचा रंग बघणार! लाजू नका, आत रक्त येतंय का ते त्यावरूनही कळतं. त्या वेळी दादा जवळ असू द्या, आई नको. सुरुवातीला थोडी लालसर झाली तर घाबरायचं नाही. पण लघवीत रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली, चक्कर आली किंवा पाठीत-पोटात जोरात दुखलं तर लगेच हाक मारायची.

आई, आपल्या महाल भागात बायोप्सी म्हटलं की सगळ्यांना कॅन्सरच आठवतो. शेजारच्या काकूंना सांग, लघवीतून प्रोटीन का जातंय ते बघायचंय, औषध कोणतं द्यायचं ते त्यावर ठरेल. डायलिसिसच्या कहाण्या घेऊन येणाऱ्यांना चहा पाज आणि वाटेला लाव. आणि तू नळ सोडून स्वयंपाकघरात रडतेस ते बाबांना ऐकू येतं, त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्यासमोर रड ना. मग त्यांनाही हसण्याचं सोंग करावं लागणार नाही.

रिपोर्ट त्याच दिवशी मिळत नाही, काही तपासण्यांना जास्त वेळ लागतो. ते दिवस जड जातील. मोबाइलवर रोगांची नावं शोधत बसू नका. डॉक्टर हो म्हणाले की संध्याकाळी दोघं आपल्या शुक्रवारी तलावावर जाऊन बसा.

रक्त पातळ करायची गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच परत सुरू करायची. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही, बाबा. तर्री पोह्यांचं मी विचारते, पण मिठामुळे नाहीच म्हणतील बहुतेक.

बुधवारी सकाळी पोचते. दादाला विमानतळावर पाठवू नका. मेट्रोने सीताबर्डीला उतरून थेट धंतोलीत दवाखान्यात येते. जुन्या रिपोर्टांची पिशवी दादाकडे आजच देऊन ठेवा.

तुमची,
मनू